धंतोलीपासून फक्त वीस मिनिटं

नागपूरच्या धंतोलीत घरं दोन प्रकारची. एक, ज्यांचं हॉस्पिटल झालं ती. दुसरी, ज्यांचं अजून व्हायचं आहे ती. दुसऱ्या प्रकारच्या घरात साधारणपणे सत्तरीच्या आसपासचं एक जोडपं राहतं. अंगणात कडुनिंब नाहीतर आंबा असतो, मुलं पुण्याला, बंगलोरला किंवा न्यू जर्सीत असतात आणि फाटकावर 'येथे वाहन उभे करू नये' अशी पाटी असते. पाटीच्या बरोबर खाली एक कार उभी असते. कारवाल्याला हटकलं तर तो अत्यंत नम्रपणे सांगतो, "काकाजी, पेशंट आहे न." यावर कुठल्याही काकाजींकडे उत्तर नाही. गाड्यांचं हे दुखणं धंतोली नागरिक मंडळानं जनहित याचिका करून थेट हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत नेलं. पण एकाच गल्लीत हाडांचे, हृदयाचे, मेंदूचे आणि मुतखड्याचे तज्ज्ञ दाटीवाटीनं बसले असतील, तर पेशंट काय सायकलवर टांग मारून येणार आहे?

त्यात डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन. १९५३ च्या नागपूर कराराला जागून सरकार वर्षातून एकदा इथं मुक्कामाला येतं आणि सरकारच्या मागोमाग मोर्चे येतात. ते जिथून निघतात ते यशवंत स्टेडियम म्हणजे धंतोलीचा उंबरठाच. विदर्भाचा अनुशेष किती भरला यावर तज्ज्ञांचे वाद आहेत. आमच्या गल्लीतला घोषणांचा अनुशेष मात्र दर हिवाळ्यात व्याजासकट भरून निघतो.

एवढं सगळं सोसल्यावर एखाद्या संध्याकाळी घरातला पुरुष म्हणतो, "बस झालं. आता कुठंतरी शांत जागी जाऊन राहू." हे वाक्य तो फक्त बायकोशी बोललेला असतो, तेही दार लावून. पण आठवडा उलटायच्या आत फाटकाशी प्रॉपर्टी डीलर उभा असतो. बातमी कशी फुटते हे कोणालाही सांगता आलेलं नाही. माझा संशय दूधवाल्यावर आहे.

'शांत जागा' म्हणजे आता ज्येष्ठांसाठीचं संकुल. निवृत्त माणसांसाठी काढलेली वस्ती: जेवायला सामायिक खानावळ, हाकेवर नर्स, दाराशी रुग्णवाहिका, संध्याकाळी भजन आणि रात्री साडेनऊला दिवे बंद. पुण्यात 'अथश्री'नं ही कल्पना कधीच रुळवली, मुंबईकरांना नेरळचं 'डिग्निटी' ठाऊक आहे. पुण्यात जे चालतं त्याला आधी नाकं मुरडून मग ते दुप्पट उत्साहानं करायचं, ही नागपूरची जुनी रीत. त्यामुळं ती हवा वर्धा रोडवर पोचायला वेळ लागला, पण पोचली. आता ब्रोशर फिरतात. ब्रोशरवरच्या जोडप्याचे केस पांढरे शुभ्र असतात, पण दात सगळे स्वतःचे आणि गुडघे पंचविशीतले. आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: 'धंतोलीपासून फक्त वीस मिनिटं.'

इथं थोडं थांबून विचार करा. धंतोलीतला माणूस हॉस्पिटलांच्या गर्दीला कंटाळून आपलं घर हॉस्पिटललाच विकतो, त्या पैशांत गावाबाहेर फ्लॅट घेतो आणि त्या फ्लॅटचा सगळ्यात मोठा गुण म्हणून त्याला काय सांगितलं जातं, तर तिथून त्याच हॉस्पिटलला वीस मिनिटांत परत येता येतं. ज्या खोलीत त्याचा पलंग होता, त्याच खोलीत, त्याच जागी, आता दिवसाला अमुक हजार रुपये भाड्याचा पलंग असतो. आणि हे दोन्ही व्यवहार जुळवणारा माणूस एकच असतो. जुनं घर विकून दिलं त्याचे दोन टक्के, नवं घेऊन दिलं त्याचे दोन टक्के. वर तो म्हणतो, "काकाजी, तुमच्यासाठी धावपळ करून राह्यलो."

वीस मिनिटांचंही एक शास्त्र आहे. ही मिनिटं रविवारी पहाटे सहाला, रिकाम्या रस्त्यावर, डीलरच्या गाडीत मोजलेली असतात. संध्याकाळी सहाला अजनी चौकात अडकलेल्या माणसानं ती मोजायची नसतात. मेट्रोचं म्हणाल तर काँग्रेस नगर ते खापरी गाडी झकास जाते, एसी असतो, बसायला जागा मिळते. प्रश्न खापरीच्या पुढचा आहे. स्टेशनपासून संकुलापर्यंत कसं जायचं असं विचारलं की डीलर म्हणतो, "फीडर बस येऊन राह्यली न." ही बस भविष्यकाळात वर्तमानकाळासारखी धावते.

आमच्या शेजारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कार्यकारी अभियंता राहतात. गल्लीत ते 'साहेब'. त्यांच्या सौभाग्यवती शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळं त्या अख्ख्या गल्लीच्या 'मोठ्या बाई'. साहेबांनी शांत जागेचा ठराव मांडला, तेव्हा मोठ्या बाईंनी त्यावर एकच दुरुस्ती सुचवली: "घर नंतर पाहू. आधी एजंट पाहू." साहेबांना यात काही तर्क दिसेना. चाळीस वर्षं त्यांनी आधी धरण पाहिलं होतं आणि कंत्राटदार नंतर. मोठ्या बाई म्हणाल्या, "म्हणूनच."

मग रीतसर तोंडी परीक्षा सुरू झाली. बैठकीत टेबल लावलं, मला साक्षीदार म्हणून बसवलं आणि चहा मात्र परीक्षा संपल्यावर, असा नियम झाला. यात काही जगावेगळं नाही. खुद्द महारेरा, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरणच, आता एजंटांना परीक्षा द्यायला लावतं. २०१६ च्या रेरा कायद्यानं नोंदणीशिवाय कोणालाही नव्या प्रकल्पातलं घर विकायला मध्यस्थी करता येत नाही आणि १ जानेवारी २०२४ पासून महाराष्ट्रात प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्रही सक्तीचं झालंय. मोठ्या बाईंचं म्हणणं एवढंच की बोर्डाच्या निकालावर त्यांनी नोकरीत असतानाही कधी विश्वास ठेवला नव्हता.

पहिले आले ते धंतोलीच्या बगिच्यात रोज साहेबांसोबत फिरणारे एक निवृत्त बँक अधिकारी. "मी काही एजंट नाही हो," ते बसता बसता म्हणाले. "मी फक्त ओळख करून देतो. बिल्डर आपल्या घरचाच आहे."

"ओळख करून द्यायचे काही घेता का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तो प्रेमानं देतो काहीतरी. दिवाळीला."

मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. कायदा या बाबतीत मोठ्या बाईंच्या बाजूनं आहे. मोबदला घेऊन घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ घालून देणारा, मग त्यानं स्वतःला काहीही म्हणवून घेवो, रेराच्या व्याख्येत एजंटच. नोंदणी नसेल तर दिवसाला दहा हजार रुपये दंड, तोही व्यवहाराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढणारा. हे ऐकल्यावर गृहस्थांनी फिरायची वेळ बदलली. आता ते संध्याकाळी जातात.

दुसरा आला तो साहेबांच्या मावसभावाचा जावई. हा सगळ्यात धोकादायक प्रकार. तो आल्या आल्या दोघांच्या पाया पडला. पाया पडलेल्या माणसाला कार्पेट एरिया कसा विचारणार? 'किती घेशील' विचारलं तर "काकू, तुमच्याकडून काय घ्यायचं?" असं म्हणून तो दुखावतो. पुढं छत गळलं तर त्याला बोलता येत नाही, कारण लग्नकार्यात त्याच्याच पंगतीत बसायचं असतं. ज्याची फी ठरत नाही त्याला रागावताही येत नाही, हे मोठ्या बाईंना पगारी शिक्षक आणि मानसेवी शिक्षक दोन्ही सांभाळल्यामुळं पक्कं माहीत होतं. जावयाला पुरणपोळी खाऊ घालून रवाना केलं.

तिसरा खरा गडी. अंगात कोट, गळ्यात टाय, बाहेर पारा पंचेचाळीसवर. हातात टॅब, टॅबवर संकुल फिरत होतं. त्यानं सुरुवात केली, "काकाजी, टेन्शनच नका घेऊ. एम्स दहा मिनिटं, एअरपोर्ट बारा मिनिटं, जामठ्याचं स्टेडियम..."

"मला क्रिकेट आवडत नाही," साहेब म्हणाले. "२३ सप्टेंबर २०२३ ला तुमच्या साईटवर पाणी किती होतं?"

टाय थोडा सैल झाला. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये लोकांचे फ्रिज तरंगले, हे नागपुरात कोणी विसरलेलं नाही. पण नदी सोडून नाल्यांचा विचार करणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. ब्रोशरमध्ये संकुलाच्या मागं 'निसर्गरम्य जलप्रवाह' दाखवला होता. साहेबांनी तो नाला १९८७ सालीच ओळखला होता. त्यावरच्या मोरीचं अंदाजपत्रक त्यांच्याच सहीचं होतं.

मग मोठ्या बाई. "क्षेत्रफळ?"

"हजार स्क्वेअर फूट, काकू."

"कार्पेट?"

"सुपर बिल्टअप."

म्हणजे हजारात जिना आला, लिफ्ट आली, गच्चीचा तुकडा आला आणि चौकीदाराच्या खुर्चीखालचीही थोडी जागा आली. रेरा आल्यापासून दर कार्पेटवर सांगायचा असतो, म्हणजे ज्या जमिनीवर आपण प्रत्यक्ष सतरंजी अंथरू शकतो तेवढ्यावर. मोठ्या बाईंनी वहीत दुसरी रेघ ओढली.

"ताबा कधी?"

"डिसेंबर २०२९. पण काकू, उशीर झाला तर कायद्यानं व्याज मिळते."

"बाळ," मोठ्या बाई अगदी मायेनं म्हणाल्या, "यांचं वय चौऱ्याहत्तर. व्याज मिळेल रे, वर्षं कोण देणार?"

आणि मग तो प्रश्न आला, ज्यासाठी मी हा सगळा लेख लिहितो आहे. मुलगा आपला हुकमाचा पत्ता टाकत म्हणाला, "आणि काकू, मी तुमच्याकडून एक रुपयाही घेत नाही." मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शाळेत त्या चष्मा काढायच्या तेव्हा पाचवी ते दहावी शांत व्हायची.

"मग तू कोणाचा?"

मुलगा गोंधळला. त्याला हा प्रश्न प्रशिक्षणात शिकवलेला नसावा. वास्तविक उत्तर सोपं होतं. पैसे देतो त्याचा. बिल्डर त्याला कमिशन देतो, ते कमिशन फ्लॅटच्या दरात आधीच मिसळलेलं असतं, म्हणजे शेवटी पैसे साहेबांचेच. फक्त निष्ठा मात्र बिल्डरला. फुकटचा एजंट महाग पडतो तो असा. यात मुलाचा काही दोष नाही. तो आपल्या मालकाचं काम चोख करत होता. चूक गिऱ्हाइकांची, जे त्याच्याच गाडीत बसून, त्याचाच नारळपाण्याचा स्ट्रॉ तोंडात धरून त्याला विचारतात, "तुम्हाला काय वाटतं, घ्यावं का?"

जाता जाता साहेबांनी मुलाला सॅम्पल फ्लॅट दाखवायला लावला. स्वतःचा टेप घेऊन गेले. महारेरानं मे २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी नियमावली काढली. तिची छापील प्रत त्यांच्या खिशात होती. दाराची रुंदी किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे चाकाची खुर्ची आत जायला हवी. एका मजल्याहून उंच इमारतीला लिफ्ट हवी. जिन्याच्या एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत. न्हाणीघरात न घसरणारी फरशी आणि धरायला दांडा हवा. आणि मुख्य म्हणजे हे सगळं विक्रीच्या करारात लिहिलेलं हवं, नुसतं ब्रोशरमध्ये नाही. न्हाणीघराचं दार साहेबांनी मोजलं. ७५० भरलं. मुलगा म्हणाला, "साहेब, हे सॅम्पल आहे, ओरिजिनल मोठं राहील." साहेबांनी चाळीस वर्षं कंत्राटदारांचे नमुने तपासले होते. नमुन्यापेक्षा मोठी वस्तू प्रत्यक्षात आलेली त्यांनी एकदाही पाहिली नव्हती.

चौथी एक बाई आली. पन्नाशीची, डोक्याला स्कार्फ, हातात कापडी पिशवी, स्कूटीवर. हिनं टॅब काढला नाही. पिशवीतून स्वतःचं नोंदणीपत्र काढून टेबलावर ठेवलं. मोठ्या बाईंनी मोबाइलवर महारेराच्या संकेतस्थळावर तो नंबर घालून पाहिला. नाव जुळलं, मुदत संपलेली नव्हती. मग तिनंच परीक्षा घ्यायला सुरुवात केली.

"काकाजी, गाडी तुम्हीच चालवता? रात्री नीट दिसते?"

साहेब गप्प.

"गुडघे कोणाचे जास्त दुखतात?"

"माझे," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसल्या.

"दोघांपैकी एक मागे राहिलं तर तिथंच राहाल की मुलाकडे जाल? आत्ताच विचारून ठेवते, राग नका मानू. कारण त्यावर घर ठरते."

साहेबांनी घसा खाकरला. मोठ्या बाईंनी उत्तर दिलं, "मीच मागे राहणार. यांना चहासुद्धा करता येत नाही."

मग त्या बाईनं जे सांगितलं ते कुठल्याही ब्रोशरमध्ये नव्हतं. ज्येष्ठांच्या संकुलात शिरणं सोपं असतं, निघणं अवघड. काही ठिकाणी फ्लॅट मालकीचा असतो, काही ठिकाणी मोठी ठेव ठेवून फक्त हयातभर राहायचा हक्क मिळतो, आणि ठेवीतून निघताना किती कापतात ते करारात बारीक अक्षरांत असतं. वयाची अट असते. फ्लॅट वारसानं मुलाला मिळतो, पण मुलगा पन्नाशीचा असेल तर मालक असूनही तिथं राहू शकत नाही. मग विकायचा तर घेणाराही ज्येष्ठच शोधायचा, हस्तांतरणाचे पैसे संकुलाला द्यायचे, आणि घर विकलं जाईपर्यंत खानावळीचा, नर्सचा, बागेचा महिन्याचा खर्च बंद घरावरही चालूच. "म्हणून," ती म्हणाली, "मला पहिले हे विचारा की मागच्या दोन वर्षांत तिथून कोणी विकून बाहेर पडलं का, आणि किती महिन्यांत. शिरायचा भाव तर कोणीही सांगते."

"मग आमच्यासाठी कुठलं चांगलं?" साहेबांनी विचारलं.

"सध्या कुठलंच नाही," ती म्हणाली. "सहा महिने भाड्यानं राहून पाहा. मे महिना तिथं काढा, दुपारी दोनला वीज जाते की नाही ते पाहा. खानावळीतली वांग्याची भाजी सलग पंधरा दिवस खाऊन पाहा. मग बोलू. धंतोलीचं घर तोवर विकू नका."

कोणी म्हणेल, काय सालस बाई! तसं काही नाही. तिनं भाड्याच्या व्यवहाराची एक महिन्याची दलाली घेतली, आधी ठरवून, चेकनं, पावती देऊन. त्यात एक रुपयाची सूट दिली नाही. पण ती दलाली साहेबांच्या खिशातून गेली, त्यामुळं बाई कोणाची हे विचारायची गरजच पडली नाही. मोठ्या बाईंनी तिला चहा दिला. परीक्षेच्या इतिहासातला पहिलाच कप.

साहेब आणि मोठ्या बाई सध्या तिकडं भाड्यानं राहून पाहताहेत. साहेबांनी संकुलाच्या पाण्याच्या टाकीत तीन दोष काढलेत आणि मोठ्या बाईंनी खानावळीचं वेळापत्रक नव्यानं बसवलंय. संकुलाचे लोकच आता विचारतात, यांचे सहा महिने कधी संपतात.

तेव्हा उतारवयात घर बदलायचा विचार असेल तर धंतोलीकरांनो, आणि धरमपेठ, रामदासपेठ, महालवाल्यांनोही, एवढं करा. एजंटचा आणि प्रकल्पाचा, दोघांचाही रेरा नंबर तपासा. पैसे लागत नाहीत, नातवाला सांगितलं तर दोन मिनिटांत काढून देतो. नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त कोणी मागितलं तर देऊ नका, कायदाच मनाई करतो. 'टोकन दिलं नाही तर संध्याकाळपर्यंत फ्लॅट जाईल' असं सांगितलं तर खुशाल जाऊ द्या. ज्येष्ठांच्या संकुलात एवढी घाई कोणालाच नसते. जुनं तयार घर दुसऱ्याकडून घेत असाल तर रेराचा नंबर फारसा कामाचा नाही, तिथं वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्या आणि दलालाची फी कागदावर लिहून घ्या. जुनं घर विकणारा आणि नवं घेऊन देणारा एजंट एकच ठेवू नका. ठेवलाच तर दोन्हीकडून किती घेतो हे दोघांसमोर विचारा.

आणि हे सगळं जमलं नाही, तरी मोठ्या बाईंचा प्रश्न तेवढा विचारा: तू कोणाचा? त्यावर तो जरा विचारात पडला, तर चहा द्या. आणि क्षणाचाही उशीर न लावता "तुमचाच की काकाजी!" म्हणाला, तर पुढच्याला बोलवा.